परवाना कोणाचा? : विद्यार्थ्यांना सामाईक भाड्याने दिलेली घरे आणि कर्जत-खालापूर

इंग्लंडातील एखाद्या विद्यापीठाच्या गावी पाच विद्यार्थ्यांनी मिळून एक घर भाड्याने घेतले, तर त्या घराच्या मालकास स्थानिक संस्थेकडून परवाना काढावा लागतो. परवान्यावाचून घर दिले तर तो गुन्हा ठरतो. महाराष्ट्रातही अशा घराच्या व्यवहारात 'लायसन्स' हा शब्द हटकून येतो. किंबहुना सगळा व्यवहार त्याच नावाने ओळखला जातो. परंतु येथे परवाना देणारा असतो तो घरमालक, आणि परवाना घेणारा असतो तो विद्यार्थी. शब्द एकच असून त्याचे तोंड दोन देशांत दोन विरुद्ध दिशांना आहे. तिकडे मालकाने समाजास सांगावयाचे असते की, आपले घर चारचौघांनी राहण्यास योग्य आहे. इकडे विद्यार्थ्याने मालकास लिहून द्यावयाचे असते की, मुदत संपताच आपण निघून जाऊ. या दोन कागदांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याची छाननी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या आधारे करावयाची आहे.

(कर्जत म्हणजे येथे उल्हास नदीकाठचे, मध्य रेल्वेवरील कर्जत, अहिल्यानगर जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव नव्हे.)

हे दोन तालुके निवडण्याचे कारण उघड आहे. पुणे किंवा मुंबई यांसारख्या शहरांतील विद्यार्थीनिवासाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु गेल्या तीन दशकांत उच्च शिक्षण, विशेषतः अभियांत्रिकीचे शिक्षण, शहराबाहेर पडून रेल्वेमार्ग व महामार्ग यांच्या कडेने पसरले, त्याचा स्पष्ट नमुना येथे पाहावयास मिळतो. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भिवपुरीजवळ तासगावकर शिक्षणसमूहाच्या संस्था आहेत, खालापूर तालुक्यात कुंभिवली येथे विश्वनिकेतन आणि रसायनी येथे पिल्लई समूहाचे महाविद्यालय आहे. कल्याण-बदलापूरकडील विद्यार्थी गाडीने रोज ये-जा करू शकतात. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या फाट्यावरही पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्थानके आहेत. पण त्या फाट्यावरच्या गाड्या मोजक्या, आणि पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात गाडीचा भरवसा धरणे अवघड. जो दूरच्या जिल्ह्यातून येतो त्याला तर खोली घ्यावीच लागते. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, किंवा तेथील शुल्क झेपले नाही, की तो गावात शिरतो.

गावात त्याला काय मिळते? स्थानकाजवळच्या इमारतीतील एखादी सदनिका. जुन्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या. चाळीतील खोली, जिचा संडास सामाईक. किंवा मूळ सुटीचे घर म्हणून बांधलेला आणि एरवी कुलूपबंद असणारा बंगला. शेवटचा प्रकार कर्जत तालुक्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मुंबईकरांनी हवापालटासाठी येथे घरे बांधली आणि त्यांतील काही पर्यटकांस दिली जातात. पर्यटकांस घर देणाऱ्यासाठी राज्याच्या पर्यटनखात्याची 'न्याहरी व निवास' योजना आहे. तीत नोंदणी आहे, पाहणी आहे. दोन रात्री राहणाऱ्या पाहुण्याच्या खोलीची पाहणी व्हावी आणि चार वर्षे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीची होऊ नये, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता 'लायसन्स' या शब्दाची कुळकथा पाहू. ती कळल्यावाचून आजची स्थिती कळत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात लायसन्सची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत, एरवी जे करणे बेकायदा ठरले असते, ते करण्याची परवानगी, असा तिचा आशय. तीत मालमत्तेवरचा हक्क हस्तांतरित होत नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील भाडेपट्ट्यात मात्र उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. भेद सूक्ष्म आहे, पण त्याचे परिणाम स्थूल. पाहुणा आणि भाडेकरू यांत जो फरक तोच येथे आहे.

१९४७ साली मुंबई राज्यात भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम आला. (नावातच हॉटेल आणि निवासगृहे होती, हे आज बहुतेकांस आठवत नाही.) भाडेकरूस काढणे कठीण झाले, तेव्हा घरमालकांनी भाडेपट्ट्याऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स'चा आश्रय घेतला. कागदावर परवानगी, प्रत्यक्षात भाडे. नाव काहीही दिले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले पाहिजे, आणि जागेचा अनन्य ताबा दिला असेल तर सकृद्दर्शनी ते भाडेपट्टा मानावे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निवाड्यात मांडली. पुढे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७३ साली दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे स्थान दिले. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की ज्याच्याजवळ रिकामी जागा होती त्याने तिला कुलूप ठोकणे पसंत केले. कुलूप उघडावे म्हणून पुढे लायसन्सदार मालकास जागा लवकर परत मिळण्याची तरतूद करावी लागली, आणि ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २४ व्या कलमात आज उभी आहे. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला.

या कलमाचा मथितार्थ असा : निवासासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते, आणि जो जागा सोडणार नाही त्याला त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे लायसन्स हा मालकाच्या मालकीचा तट आहे. तो बांधण्याची ऐतिहासिक कारणे होती, हे वर सांगितलेच. पण तट बांधताना आत राहणाऱ्याच्या छताकडे, जिन्याकडे, तारांकडे पाहण्याचे काम या अधिनियमाने आपल्याकडे घेतलेले नाही.

विद्यार्थ्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते ती व्याख्यांमुळे. १९९९ च्या अधिनियमातील सातव्या कलमात 'पेइंग गेस्ट' म्हणजे मालक स्वतः जेथे राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला लायसन्सवर दिला आहे असा, कुटुंबाबाहेरचा मनुष्य. काकूंच्या घरी ओटीलगतच्या खोलीत राहणारा विद्यार्थी या व्याख्येत चपखल बसतो. मात्र 'लायसन्सधारक' या व्याख्येतून त्याच कलमाने पेइंग गेस्टला वगळले आहे. आणि हॉटेल, निवासगृह, वसतिगृह, अतिथिगृह, धर्मशाळा यांत राहणाऱ्यांनाही वगळले आहे. परिणामी विद्यार्थ्याच्या निवासाचे तीन निरनिराळे प्रकार पडतात. मालक घरात राहत असेल तर पेइंग गेस्ट. मालक बाहेर राहून संपूर्ण सदनिका चौघांना एका करारावर देत असेल तर लायसन्सधारक. आणि मालक, किंवा बहुधा त्याने नेमलेला व्यवस्थापक, प्रत्येक विद्यार्थ्याकडून निराळे पैसे घेऊन खोल्या चालवीत असेल तर वस्तुतः ते वसतिगृह, मग दारावर तशी पाटी असो वा नसो.

व्यवहारात सर्वाधिक गोंधळ होतो तो 'कॉट बेसिस' या प्रकारात. एका खोलीत चार खाटा, खाटेगणिक दर, कोण कोणाबरोबर राहील हे मालक ठरविणार, एक गेला की दुसरा येणार. येथे कोणाही एका विद्यार्थ्याकडे खोलीचा अनन्य ताबा नाही. १९५९ च्या कसोटीप्रमाणे तो भाडेकरू नव्हे. मालक तेथे राहत नाही. म्हणून पेइंग गेस्टही नव्हे. राहिले वसतिगृह किंवा निवासगृह. आणि तसे मानले तर विद्यार्थी 'लायसन्सधारक' या व्याख्येबाहेर पडतो, सबब मालकालाही २४ व्या कलमाचा जलद मार्ग मागता येऊ नये, असे माझ्या मते सयुक्तिकपणे म्हणता येईल. छापील नमुन्यावर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहून घेणाऱ्या कित्येक मालकांना याची कल्पना नसते. ज्या तटाच्या भरवशावर ते निश्चिंत असतात तो त्यांच्या घराभोवती कदाचित नसेलही.

एक सावधगिरीची सूचना संशोधकासाठी. हा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही; त्याच्या अनुसूचीत निर्दिष्ट केलेल्या आणि पुढे अधिसूचनेने समाविष्ट केलेल्या क्षेत्रांपुरता तो आहे. तेव्हा कर्जत-खालापुरातील एखाद्या ग्रामपंचायत हद्दीतल्या घराविषयी लिहिण्यापूर्वी अनुसूची व अधिसूचना उघडून पाहणे आवश्यक आहे. जेथे अधिनियम लागू नाही तेथे १८८२ चे दोन अधिनियम आणि १८७२ चा करार अधिनियम एवढीच भिंत उरते.

करारासंबंधी ५५ वे कलम विशेष महत्त्वाचे आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने न केल्यास, कराराच्या शर्तींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे कायद्याने दुर्बळ पक्षाच्या हाती एक चांगले शस्त्र दिले आहे. दुर्दैवाने विद्यार्थ्यांस ते ठाऊक नसते.

नोंदणी टाळण्याचे कारण म्हणून खर्च सांगितला जातो. तो किती ते पाहू. चार विद्यार्थ्यांनी मिळून दरमहा ८,००० रुपयांची सदनिका अकरा महिन्यांसाठी घेतली आणि २०,००० रुपये परतीची अनामत ठेवली, असे समजा. मुद्रांकशुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर शेकडा २५ पैसे. भाडे ८८,००० रुपये, व्याज दोन हजारांच्या आतबाहेर. शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येते, आणि शंभराच्या पटीत वाढवून घेतले तरी ३०० च्या पलीकडे जात नाही. नोंदणी फी नागरी क्षेत्रात १,००० रुपये, ग्रामीण क्षेत्रात ५००. कर्जत शहरात माणशी सव्वातीनशे रुपये, नेरळसारख्या ग्रामपंचायतीत माणशी दोनशे. दस्तहाताळणीचे किरकोळ शुल्क वेगळे. दस्त घरबसल्या संगणकावरूनही नोंदविता येतो. खर्चाची सबब टिकत नाही. खरे कारण बहुधा वेगळे असते : उत्पन्न कागदावर येऊ नये, घरपट्टीत भाडेकरूची नोंद होऊ नये.

कागद नसल्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याचे पालक सुस्थितीत आहेत त्याला कागदाची उणीव क्वचितच भासते. परंतु शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन व निवासाचा खर्च त्यांतून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. येथे विद्यार्थ्याने आपण खरोखरच बाहेरगावी, भाड्याच्या खोलीत राहतो हे दाखविणे ओघानेच येते. कर्जत आणि खालापूर हे ठाकूर व कातकरी वस्तीचे तालुके आहेत. येथील मुले शिकावयास पनवेल-ठाण्याकडे जातात, आणि इतर तालुक्यांतील येथे येतात. अशा मुलास जो मालक 'खोली देतो, पण लिहून देणार नाही' असे म्हणतो, तो केवळ मुद्रांकशुल्क वाचवीत नसतो. तो त्या मुलाचा वर्षाचा आधार धोक्यात घालीत असतो.

सामाईक करारातील आणखी दोन गोष्टी. चौघांनी एका करारावर सही केली, आणि उलट काही ठरलेले नसेल, तर करार अधिनियमाच्या ४३ व्या कलमान्वये मालक संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. त्याने मग इतरांकडून वाटणी वसूल करावी. दुसऱ्या सत्रात एकाने शिक्षण सोडून गाव गाठले की उरलेल्या तिघांवर हा बोजा येतो, आणि मैत्रीची परीक्षा परीक्षेआधीच होते. दुसरी गोष्ट वयाची. पदविका किंवा कनिष्ठ महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पुष्कळदा अठराच्या आतला असतो. अज्ञानाचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात ठरविले. म्हणून त्याच्यासाठी पालकाने स्वतःच्या नावे करार केला पाहिजे. मुलाची सही घेऊन ठेवण्याने कोणाचेच हित साधत नाही.

आणि मग अकरा महिन्यांचा प्रश्न. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने सक्तीची केली, त्यातून अकरा महिन्यांचा प्रघात पडला. ५५ व्या कलमाने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली, तेव्हा या प्रघातास तेथे अर्थ उरला नाही. पण तो चालूच आहे. जुलैच्या आरंभी केलेला असा करार मेअखेर संपतो. विद्यापीठाच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षा पुष्कळदा मे-जूनमध्ये असतात. त्या आठवड्यांत मालकाने नवा दर मागितला, किंवा सुटीच्या हंगामात पर्यटकांकडून अधिक मिळेल म्हणून घर मोकळे मागितले, तर विद्यार्थ्याच्या हाती कायद्याचे काही राहत नाही. उलट दुप्पट भरपाईचे कलम त्याच्यावर उभे असते. बारा किंवा चोवीस महिन्यांचा करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि मुद्रांकशुल्काचा दरही तोच राहतो.

येथवर करार झाला, आता घर. अनेकांनी मिळून राहावयाच्या घराला आपल्याकडे परवानाच नाही असे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. तो आहे, पण वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातील 'विकास' या व्याख्येत इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. कुटुंबाने राहण्यासाठी मंजूर झालेल्या घराचे वसतिगृह करणे हा तसा बदल ठरू शकतो, आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी हवी. मग कुटुंबाचे घर कोठे संपते आणि वसतिगृह कोठे सुरू होते? याचे उत्तर राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेले आहे. एक-दोन कुटुंबांच्या खासगी घरातील खोल्या बाहेरच्यांना भाड्याने दिल्या तर एका खोलीत तीनांहून अधिक माणसे नसावीत. आणि एका इमारतीत वीसांहून अधिक जणांच्या निजण्याची सोय असेल तर ती इमारत खासगी घर या वर्गात राहत नाही, तिला निवासगृह, शयनगृह अथवा सदनिकागृह मानावयाचे. एका कुटुंबातले नसलेले लोक एका व्यवस्थापनाखाली एकत्र निजतात ती जागा शयनगृह. विद्यार्थ्यांची वसतिगृहे याच वर्गात घातली आहेत. खोलीत तीन, घरात वीस : आपल्याकडे मर्यादारेषा म्हणावी अशी हीच आहे. संहिता स्वतः सल्लास्वरूपाची असली, तरी विकास नियंत्रण नियमांनी व २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने तिला बंधनकारक रूप येते.

या दुसऱ्या अधिनियमाचा उपयोग फार थोडा केला जातो, असे मला वाटते. जेथे तो लागू होतो तेथे अग्निसुरक्षेची साधने बसविणे व चालू ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. आणि साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. म्हणजे विद्यार्थी गावात येतो त्याच महिन्यात कायदा मालकाकडे कागद मागतो. मागणारा कोणी असेल तर.

आगीचा उल्लेख उगाच केलेला नाही. स्कॉटलंडमध्ये सामाईक घरांचा परवाना सक्तीचा झाला त्यामागे एक दुर्घटना होती. १९९९ साली ग्लासगोत विद्यार्थी राहत असलेल्या तळघरातील सदनिकेला आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज होते. दोन विद्यार्थी आत मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी, २००० च्या ऑक्टोबरपासून, तेथे अशा घरांना परवाना अनिवार्य झाला. आपल्याकडचे उदाहरण चंडीगडचे. तेथे पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घरांच्या नोंदणीचे धोरण २००६ पासून होते; तरीही २२ फेब्रुवारी २०२० रोजी नोंदणीवाचून चालणाऱ्या अशा एका घरात आग लागून तीन विद्यार्थिनी दगावल्या. पहिल्या घटनेत नियम नव्हता. दुसरीत तो होता, पण घर त्याच्या वहीत नव्हते. आपल्या गावातील घरांच्या खिडक्यांकडे एकदा या दृष्टीने पाहावे. चोरापासून रक्षण म्हणून बसविलेली जाळी, खाली दुकान, वर जाण्यास एकच लाकडी अथवा अरुंद जिना, जिन्याखाली वीजमीटर आणि त्याच्या शेजारी दुचाक्या : ही रचना कर्जतच्या बाजारपेठेत किंवा खोपोलीत शोधावी लागत नाही. कुटुंबाने राहावयाचे तेथे बारा तरुण राहू लागले, प्रत्येकाची शेगडी, इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी आली की त्याच तारांवरचा भार निराळा होतो. जाळीला आतून उघडणारी एक झडप ठेवावी एवढी सुधारणा लोहाराच्या एका दिवसाच्या मजुरीची आहे.

इंग्लंडचा २००४ चा गृहनिर्माण अधिनियम मापांच्या बाबतीत उपयोगी तुलना पुरवितो. तेथे दोन किंवा अधिक कुटुंबांतील मिळून पाच वा अधिक माणसे सामाईक सोयींसह राहत असतील तर परवाना लागतो. पूर्वी तीन मजल्यांची अट होती, ती १ ऑक्टोबर २०१८ पासून गेली. त्याच वेळी निजावयाच्या खोलीचे किमान क्षेत्र ठरले : एका प्रौढास ६.५१ चौरस मीटर, दोघांस १०.२२. परवाना फार तर पाच वर्षांचा. आपल्या संहितेत राहण्याच्या एकमेव खोलीचे किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट आहे. आणि वर सांगितल्याप्रमाणे भाड्याच्या खोलीत तीन माणसे चालतात. दोन्ही नियम एकत्र वाचले तर माणशी सव्वातीन चौरस मीटरही येत नाहीत. त्याच खोलीत इंग्लंडात एकच विद्यार्थी राहू शकला असता. आपल्या दारिद्र्यात तेवढी चैन परवडणार नाही, हे मान्य. परंतु खोलीच्या क्षेत्राशी माणसांच्या संख्येचा काही संबंधच न ठेवणे, हे दारिद्र्याचे नव्हे, अनास्थेचे लक्षण आहे.

बाकीच्या नियमांचा उल्लेख थोडक्यात पुरे. गृहनिर्माण संस्थेतील सदनिका देताना आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी सूचना व कराराची प्रत द्यावी लागते, आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्याचे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतात. असा आदेश सामान्यतः दोन महिनेच टिकतो व पुन्हा काढावा लागतो. त्याचा रोख राहणारा कोण याकडे असतो, घर कसे याकडे नव्हे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत १५ जुलै २०२४ पासून दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासास सूट आहे, त्यामुळे आपल्या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यास त्याची झळ लागू नये. करविभागाने वसतिगृह ओळखण्यासाठी दिवस आणि रुपये मोजले, पोलिसांनी नावे मोजली. खाटा आणि जिने मोजण्याचे मात्र राहून गेले.

आता प्रश्न असा की, इंग्लंडसारखा परवाना येथे आणावा काय? मला तसे वाटत नाही. निदान तसाच्या तसा नको. या दोन तालुक्यांत सत्ता किती ठिकाणी विभागली आहे ते पाहा. कर्जत आणि खोपोली येथे नगरपरिषदा, खालापुरात नगरपंचायत, माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद, आणि इतरत्र ग्रामपंचायती. माथेरानभोवतीचा मोठा प्रदेश ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणसंवेदनक्षेत्र झाला आहे. तेथील बांधकामाचे नियम आणखी निराळे. महाविद्यालये बहुतांशी नगरपरिषदांच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत आहेत, आणि ग्रामपंचायतीकडे इमारत तपासणारा अभियंता नसतो. एका बाजूस कडक परवाना ठेवला तर घरे हद्दीच्या दुसऱ्या बाजूस सरकतील, किंवा वहीबाहेर जातील. चंडीगडचे उदाहरण समोर आहेच. शिवाय परवान्याचा खर्च शेवटी खाटेच्या दरातच येतो.

त्यापेक्षा आहेत ते कागद एकत्र बांधणे अधिक फलदायी होईल. नोंदणीकृत करारात राहणाऱ्यांची नावे असतात, पण खोल्यांची संख्या आणि क्षेत्र पुष्कळदा नीट नसते. ते नमूद करण्याची पद्धत पडली तर तीन आणि वीस या मर्यादा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील दस्तावरूनच वाचता येतील. नगरपरिषदांना १९६५ च्या अधिनियमाखाली उपविधी करता येतात; वीसांहून अधिक खाटांच्या घरांची साधी यादी ठेवणे व जुलैच्या प्रमाणपत्राची मागणी करणे एवढ्याने आरंभ होऊ शकतो. महाविद्यालयांचाही यात भाग आहे. प्रवेशाच्या वेळी ती विद्यार्थ्याचा स्थानिक पत्ता घेतातच. एकाच पत्त्यावर किती विद्यार्थी नोंदले आहेत, हे त्या वहीतून एका दुपारी मोजता येईल, आणि ती संख्या त्याच घराच्या घरपट्टीच्या उताऱ्याशेजारी ठेवता येईल. उताऱ्यात 'स्वतःचा वापर' असे लिहिलेल्या घरात किती विद्यार्थी निजतात, हे पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे क्षेत्र आहे. काम पावसाळ्यात करावे. त्या दिवसांत सगळे विद्यार्थी आपापल्या खोलीवर असतात, आणि कोणते छत गळते तेही दिसते.